देन बॉशच्या माउलीला केलेला अर्ज

देन बॉशच्या कॅथीड्रलमध्ये मी अण्णांना फसवलं, त्याला आता सहा वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या दिवसाचं बाकीचं सुखाने आठवता येईल. कारण तो दिवस खरोखर सुखाचा होता.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आइंडहोवनला आले होते. एप्रिल असूनही हवेत बोचरी थंडी होती. माझा जुना ओव्हरकोट त्यांना जवळजवळ घोट्यापर्यंत यायचा. बायकोला त्या शनिवारी काम होतं, म्हणून अण्णा, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी असे तिघेच निघालो. देन बॉशपर्यंत आगगाडीने वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती डचमध्ये नाहीतर इंग्रजीत देते. अण्णा तिच्याशी फक्त मराठीत बोलायचे. तरी वाटभर दोघांच्या गप्पा चालल्या होत्या आणि मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.

त्या कॅथीड्रलच्या भिंतींना बाहेरून दगडी कमानींचे तिरके टेकू दिलेले आहेत. त्या कमानींवर छोटी छोटी दगडी माणसं, काही चित्रविचित्र प्राणीही, घोड्यावर बसावं तसे ओळीने बसलेले आहेत. सगळ्यांची तोंडं वर, छपराकडे. अण्णा मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले.

"देवाकडे जायला यांनाही लाइन लावावी लागली म्हणायची," ते म्हणाले. "आणि पाचशे वर्षं झाली तरी नंबर नाही."

मुलगी खो खो हसली. तिने मग मोजायला सुरुवात केली आणि तिचा आकडा सारखा चुकत राहिला.

आत गेल्यावर अण्णांनी टोपी काढली. छत इतकं उंच, की आपल्या पावलांचा आवाज वर जाऊन सावकाश परत यायचा. डाव्या हाताच्या एका छोट्या देवळीवजा दालनात मेरीची जुनी लाकडी मूर्ती आहे. तिला जरीचं वस्त्र नेसवलेलं, डोक्यावर मुकुट, समोर मेणबत्त्यांच्या रांगा. गरम मेणाचा वास येत होता. अण्णांनी हात जोडले.

"अरे, ही तर आपली मोत माउली."

वांद्र्याच्या मोत माउलीवर आईची श्रद्धा होती. दर सप्टेंबरला ती जत्रेला जायची आणि अण्णा पिशवी धरून तिच्या मागे. तिथे नवसासाठी मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर. डोंबिवलीचा फ्लॅट झाला तो त्या मेणाच्या घरामुळे, असं आई अखेरपर्यंत म्हणत होती.

"बघ बरं, इथे मेणाचं घर मिळतं का."

"इथे नुसत्या मेणबत्त्या असतात, अण्णा. पण ही वही आहे. लोक काय मागायचं ते हिच्यात लिहितात."

एका उंच स्टँडवर जाडजूड वही उघडी होती, दोरीला पेन बांधलेलं. अण्णांचा चेहरा उजळला. ते वॉर्ड ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या अख्ख्या इमारतीचे अर्ज तेच तोंडी सांगायचे आणि पाचवीपासून मी ते लिहून काढायचो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. नियम एकच. लिहिणाऱ्याने स्वल्पविरामही बदलायचा नाही.

"घे लिहून. माझा हात कापतो. आणि इथल्या भाषेत लिही, कार्यालय इथलं आहे."

मग त्यांनी घसा साफ केला. "प्रति, माउली. विषय: मुलगा, सून व नात कायमचे घरी परत येण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की अर्जदाराची पत्नी हयात नाही. अर्जदार एकटा राहतो. तरी सदर मुलास परत येण्याची बुद्धी व्हावी. नोकरी तिकडेही मिळते." थोडं थांबून ते म्हणाले, "नातीचं शिक्षण मध्येच तुटू नये, तेवढी सवड असावी, हेही लिही. कळावे."

माझ्याशी ते हे कधीच बोलले नव्हते. त्या वेळीही ते माझ्याकडे बघत नव्हते, मूर्तीकडे बघत होते.

आदल्याच आठवड्यात आम्ही खमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, डच नागरिकत्वासाठी अर्ज दिला होता. अण्णांपासून ते लपवलं होतं. पण माझा हात अडला त्याचं कारण एवढंच नव्हतं. मी देव न मानणारा माणूस आहे, असं सांगत आलोय. तरी तिथे पेन हातात धरून माझ्या मनात आलं, हे लिहिलं आणि खरं झालं तर? वडिलांची इच्छा पुरी होईल याची मला भीती वाटली. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

मी डचमध्ये एकच ओळ लिहिली. घरातल्या सगळ्यांना चांगलं आरोग्य मिळो.

मुलगी टाचा उंचावून वाचत होती. "बाबा," ती डचमध्ये म्हणाली, "आजोबा असं नाही म्हणाले."

"काय म्हणतेय?" अण्णांनी विचारलं.

"पाय गारठलेत म्हणतेय."

"मग चला, तिला काहीतरी गरम पाजू," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिचा हात धरला. ती वळून माझ्याकडे बघत गेली. नंतर कॅफेत तिघांनी तिथला प्रसिद्ध चॉकलेटचा गोळा खाल्ला, अण्णांच्या मिशीला त्याच्या आतलं क्रीम लागलं, तिने ते पुसलं. अण्णा परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. तसे ते पुन्हा कधी झोपले नाहीत.

त्यानंतर दर एक-दोन महिन्यांनी फोनवर ते हसत हसत विचारायचे, "माउलीकडून काही उत्तर?" मी म्हणायचो, "बघू." ते म्हणायचे, "लागतो वेळ. वरच्या ऑफिसचं काम."

गेल्या महिन्यात मुलीसाठी जुनी सायकल बघायला ती आणि मी देन बॉशला गेलो. ती आता पंधरा वर्षांची आहे. सायकलवाला यायला अर्धा तास होता, म्हणून कॅथीड्रलमध्ये शिरलो. त्या स्टँडवर नवी वही होती. मुलगी वहीपाशी उभी राहिली आणि तिने चक्क मराठीत विचारलं, "तू आजोबांना सांगितला का?"

"नाही."

"ते वाट बघतात, बाबा. मला पण फोनवर विचारतात. मी काय सांगू?"

नऊ वर्षांच्या मुलीवर मी काय ओझं टाकलं होतं, ते मला तेव्हा कळलं. बाहेर बाकावर बसून मी फोन लावला. ती शेजारी बसली.

"अण्णा, त्या वहीत तुम्ही सांगितलेलं मी लिहिलंच नव्हतं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. "मग काय लिहिलंस?"

"सगळ्यांची तब्येत चांगली राहू दे, एवढंच."

"म्हणजे सहा वर्षं मी त्या बाईला उगाच बोल लावतोय."

"आणि आम्ही इथलं नागरिकत्व घेतलंय."

"ते माहीत आहे. मागे आलात तेव्हा पासपोर्ट टेबलावर होते. रंग वेगळा होता. म्हटलं, सांगशील." मग ते म्हणाले, "आता सरळ विचारतो. राहायला येणार आहात का परत?"

'बघू' जिभेवर आलंच होतं.

"नाही, अण्णा. राहायला नाही."

"बरं," ते म्हणाले. मी फोन कानाला घट्ट धरला. "मग आतल्या खोलीतला तुमचा पलंग काढून टाकतो. सकाळचं ऊन त्याच खोलीत येतं. तिथे खुर्ची टाकून पेपर वाचता येईल. स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली आता नीट दिसत नाही मला."

दर सुट्टीत आम्ही त्याच खोलीत झोपत होतो. आम्ही नसताना अण्णा ती खोली वापरत असतील असंच मी धरून चाललो होतो.

"अण्णा, आधीच का नाही वापरलीत?"

"आधी कशी वापरणार? प्रकरण प्रलंबित होतं." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "खालच्या सुताराला आत्ता फोन केला तर तो उद्या येईल. ठेवतो."

मुलीने विचारलं, आजोबा रागावलेत का.

"नाही," मी म्हणालो. "खोली आवरतायत."