खात्यावर माझं नाव

नव्या कंप्युटरच्या प्लॅस्टिकचा वास आला की मला अजून घाम फुटतो. लेक दुबईला, दिवस भरलेले, आन् फोन लागत न्हवता. जावयाशी बोलाय ईमेल पायजे, म्हणून मी आन् बायको सांगलीच्या कंप्युटर दुकानात गेलो, चपला भाईर काढून.

ईमेलचं खातं उघडाय मशीननं पयलंच माझं नाव इचारलं. भ्यानं माजी वाचाच बसली.

"वैनी, तुमी सांगा की," दुकानदार म्हणाला.

"आवं, मालकांचं नाव कसं घिऊ? उखाणाबी आठवंना."

"लवकर, लाइन तुटंल!"

तिनं उखाण्याबिगर माझं नाव वरडून सांगितलं. मी दचकून म्हणालो, "व्हय जी!" सगळं दुकान हसलं.

सांजच्याला आमच्या ईमेलला जावयाचं उत्तर आलं, नात झाली, दोघी बऱ्या हायत.

बायकोनं परत कवा माझं नाव घेतलं न्हाई. घ्यायची तसली घोराची येळबी परत यिऊ नये.