साडेसातीशिवाय घेतलेली अंगठी

मी बल्लारपूरहून चंद्रपूरला गेले होते ती चष्म्याची काच बदलायला. पन्नाशीच्या मास्तरीणबाईनं काम करावं अन् सरळ घरी यावं. पण चष्मेवाला म्हणाला तासभर लागेल, आणि शेजारीच दागिन्यांचं दुकान. काचेमागे चांदीची अंगठी, तिच्यात जांभळा खडा. पाय आपोआप आत गेले, माझा काही दोष नाही.

"कटेला हाय मॅडम. ॲमेथिस्ट म्हणतेत," दुकानदार म्हणाला आणि माझ्या मधल्या बोटाचं माप घेऊ लागला. "साडेसाती कधीपासून हाय?"

"मले नाई साडेसाती."

"मंग घरी कोणाले?"

"कोणालेच नाई. आवडली."

मी सोनाराकडे वांगी मागितल्यासारखा तो बघत राहिला. नीलम परवडत नाही म्हणून शनीसाठी लोक हा खडा मधल्या बोटात घालतात, हे मलाही माहीत होतं. पण आम्ही बौद्ध, शनीशी आमचं काय देणंघेणं? मी ती शेजारच्या बोटात घातली. त्यानं बिचाऱ्यानं सगळं समजावलं: उन्हात ठेवू नका, रंग उडतो, कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, अत्तर-पावडर आधी, अंगठी सगळ्यात शेवटी. मी इतकी हरखले होते की चष्मा चष्मेवाल्याकडेच विसरले आणि निम्म्या रस्त्यातून परत गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत तर कहरच. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "किती वर्षं उरली?" मला आधी वाटलं, निवृत्तीची विचारतायत; त्या विचारत होत्या साडेसातीची. मला इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं.

घरी मात्र हसणं संपलं. बाबा ऐंशीच्या घरातले, सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत काढलेले. त्यांनी अंगठी पाहिली आणि ताटावरून उठले.

"तुह्या आज्यानं घरचे देव नदीत सोडले," ते म्हणाले, "अन् तू शनी बोटात घालून आली."

"बाबा, आवडली म्हणून घेतली."

"असं कोणी घेते का?"

माझंही डोकं फिरलं. काढणार नाही म्हटलं आणि काढली नाही. बाबांनी बोलणं बंद केलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं सोबत विहारात जायचो. आता ते मला टाळून एकटेच निघायचे. ते मला फार लागलं. पण त्यांचंही काय चुकलं? आमच्या घरात आलेली एकेक वस्तू कामाचीच होती. बिनकामाचा दगड म्हणजे नवसाचा नाहीतर भीतीचा, एवढंच त्यांना ठाऊक.

आठ दिवस असे गेले. भांडी घासायच्या आधी मी अंगठी काढायची, कापसात गुंडाळून डबीत ठेवायची. कणीक मळताना काढायची, केसांना तेल लावताना काढायची. रविवारी ब्रशनं हळूहळू घासत होते, गुणगुणतही असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काऊन वो, लोक ग्रहाची अंगठी आंघोळीलेही काढत नाई. तू दिवसातून दहादा काढून राह्यली. तुले शनीचं भेव नाई वाटत?"

"शनीचं नाई वाटत. रंग उडायचं वाटते."

 बाबांचे खांदे हलायला लागले. आठ दिवसांनी ते हसत होते आणि मला रडू येत होतं.

"आण इकडे," म्हणाले. खाणीत राठ झालेल्या त्यांच्या करंगळीत अंगठी दुसऱ्या पेरापर्यंतच गेली. हात लांब धरून त्यांनी ती पाहिली, जवळ आणून पाहिली. आणि मला कळायच्या आत चपला घालून अंगठीसकट विहाराकडे निघाले. मी मागून ओरडले, लोक काय म्हणतील. थांबले नाहीत.

तासाभरानं आले, चेहरा फुललेला.

"चौघांनं विचारलं."

"मंग? काय सांगितलं?"

"सांगितलं," बाबा खुर्चीत टेकत म्हणाले, "आमच्या घरी आता हौसेसाठीही घेतेत."