पदराखालचा हिरवा उजेड

लिंबू चिरलं की मला उंद्रीचा एसटी थांबा आठवतो. करणी-भानामती ही शुद्ध लूट आहे, अशी पत्रकं मी तिथे वाटत होते आणि लोक त्यांवर भजी खात होते. एक मावशी पिशवीभर लिंबं घेऊन हात थरथरणाऱ्या नवऱ्याला मांत्रिकाकडे नेत होती. मी संतापून पत्रकं खाली ठेवली, मोबाइल काढला आणि मावशीला एक व्हिडिओ लावून दाखवला. जिवंत उंदराचा मेंदू, त्यात बसवलेलं चमकणारं प्रथिन. डोपामिन नावाचं रसायन सुटलं की ते हिरवं उजळतं. उन्हात काहीच दिसेना, तेव्हा मावशीने पदर माझ्याही डोक्यावर ओढला. लिंबांच्या वासात, त्या अंधारात मेंदू लुकलुकला आणि माझ्याच अंगावर काटा आला. "हेच रसायन कमी पडलं की हात थरथरू शकतो, मावशी. करणी कसली?" "मंग याहीच्या डोक्यातला दिवा इझून राह्यला काय वं?" "असेल. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, गोळ्या मिळतात." बाहेरून काका खेकसले, "काय पाहून राह्यल्या दोघी? डोकं माहं हाय, मले बी दाखवा." तेही वाकून पदराखाली शिरले. मांत्रिकाच्या गावची गाडी आली आणि गेली. मावशीने लिंबं रसवंतीवाल्यापुढे ओतली, "पीळ बाबा उसात." पत्रकं मी आजही वाटते, पण पिशवीत आधी काळी ओढणी टाकते.