दादाचे उपवास आणि अकरा दिवसांच्या गोळ्या

गेल्या गुरुवारी सकाळी अरेरा कॉलनीत दादाकडे गेलो आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म सरकारी नोकरीत गेला, रिटायर झाला आणि टीबी निघाला. रोज सकाळी गोळ्या, सहा महिने, एकही दिवस खाडा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तीन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं... आम्ही निर्धास्त.

त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या रुखसानादीदी पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन आल्या. रिकामी पाकिटं मागितली, तर वहिनींनी अर्धवट भरलेली आणून ठेवली. मोजल्या... अकरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक.

दादाने शांतपणे खुलासा केला. बरं वाटायला लागलं, म्हणून देवाचे आभार मानायला त्याने महिन्याभरापासून सगळे उपवास पुन्हा धरले होते. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. उपवासाला गोळी पोटात कशी घालायची म्हणे... साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि चार कप चहा बहुधा पोटाला वळसा घालून परस्पर कुठेतरी जात असावेत.

आता मी पडलो संस्कृतवाला. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी शास्त्रातच सांगितल्यात आणि त्यांत औषध आहे, हे मी त्याला अर्धा तास समजावत होतो. "तू आयुष्यात एक तरी एकादशी केली आहेस का?" एवढंच त्याने विचारलं आणि माझं सगळं अध्ययन आडवं झालं.

चिडचिड उपवासाची नव्हती हो. असे खाडे होत राहिले की जंतू औषधाला जुमानत नाहीत आणि आजार उलटतो. आणि दादाची दीड वर्षाची नात सारखी त्याच्याच मांडीवर... तेव्हाही तिथेच बसली होती.

दीदींनी गोळ्या दादापुढे ठेवल्या.

"बाबूजी, उपवास आप रखते हो. वो कीड़े थोड़ी रखते हैं."

दादा नातीकडे बघत राहिला. मग पाणी मागितलं आणि गोळ्या घेतल्या. गुरुवार असून. झालेले खाडे दीदींनी लिहून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे तपासणीला यायचं बजावून त्या गेल्या.

आज एकादशी. सकाळी दादाचा फोन. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी आहेत, त्यांत औषधही येतं, तुला ठाऊक आहे का, असं मलाच विचारत होता...

"नाही बुवा," मी म्हटलं. "गोळ्या घेतल्यास?"

"सातलाच."

मग शास्त्र त्याच्याच नावावर असू दे. रुखसानादीदींचे आभार मात्र त्या दिवशी रागाच्या भरात मानायचे राहिले, ते इथे मानतो.