मीठ लावलेली कोंबडी

माझ्या दिराने माझ्या कोंबड्या वल्ह्याने मारल्या, तो दिवस काही डोळ्यांपुढून जात नाही. पण चूक माझीही होती. तीच आधी सांगते, नाहीतर सगळा राग तुम्ही त्याच्यावरच काढाल.

तेव्हा टीव्हीवर रोज बर्ड फ्लू. आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात माझ्या कोंबड्या माना पिळवटून पडायला लागल्या. एक तर गोल गोल फिरत, भिंतीवर डोकं आपटत मेली. मी जनावरांच्या दवाखान्यात धावले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, मला ही मानमोडी वाटते, राणीखेत. बर्ड फ्लू निघाला तरच सगळ्या माराव्या लागतात. पण नुसतं वाटून चालत नाही, प्रयोगशाळेचा कागद हवा. मेलेली कोंबडी ठेवा, खराब होऊ देऊ नका. उद्या शिपाई येईल."

आता मी करंज्याची, मासळी खारवणाऱ्या घरातली लेक. खराब होऊ द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, हे मला कुणी शिकवायचं? कोंबडी फाडली, आतडी-काळीज काढून खाडीत फेकलं, स्वच्छ धुतली, आतबाहेर जाडं मीठ चोळलं आणि डब्यात घालून वर फडकं बांधलं. शिपाई न उघडताच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः तो डबा घेऊन दारात!

"मावशी, मी सुकट मागितली होती का? आतडी-काळीजच तर तपासायचं होतं. बर्फात ठेवायची."

"मग बर्फ म्हणायचं ना!"

हसले बिचारे. पण एक दिवस वाया गेला तो गेलाच. माझी ठिपक्यांची खुडूक, नुकतीच अंडी उबवून पिल्लं काढलेली, मान टाकून बसली होती, तिला त्यांनी उचललं. घशात कापसाची काडी फिरवली आणि एका झटक्यात मान मोडली. कट्ट! तो आवाज मला दातांत जाणवला. बर्फाच्या पेटीतून ती पुण्याला गेली. "तीन दिवसांत कागद येईल," ते म्हणाले, "तोवर काही करू नका."

दोन दिवस गेले आणि शेजारी दिराची एक कोंबडी मेली. तो वल्हं घेऊनच आला.

"वयनी, बाजूला हो. तुझा रोग आमच्यात आला."

"उद्या कागद येतोय रे. एक दिवस थांब."

"आजच येनार होता ना? मग मिठात कोनी घातला?"

मी खुराड्याच्या दारात आडवी झाले. वल्हं मनगटावर बसलं, मी कोसळले. मग त्याने खुराडं फोडलं. पळणाऱ्या कोंबड्या अंगणभर हाणल्या. अर्धमेल्या पाय झाडत होत्या, त्यांच्यावर पुन्हा वार. खुडुकीची पिल्लं पायाखाली चिरडली. पिसं त्याच्या घामाला चिकटली होती. शेवटी कोंबडा शेवग्यावर चढला, त्यालाही दगडाने पाडलं. एकही ठेवली नाही. जाऊ दारातून ओरडत होती, "अवो, पुरे! ती बाय मरंल!"

दुसऱ्या दिवशी कागद आला. मानमोडीच होती, बर्ड फ्लू नाही.

संध्याकाळी जाऊ पदराखाली टोपली घेऊन आली. टोपलीत तिच्या कोंबड्यांची अंडी.

"बाय, बसव ही. पुन्ना व्हतील."

मी टोपली घेतली. हात सुजलेला होता, तरी घेतली. म्हटलं, "बसवते गं. पण कुणाखाली?"