ताट आधी की सुई आधी

माझं काम नक्की काय, हे सासऱ्यांना समजावून सांगताना माझी त्रेधा उडते. "दोह्यात बसून अमेरिकेतल्या कैद्यांचे केसपेपर वाचतेस," ते म्हणतात, "आणि त्यासाठी डॉक्टर झालीस?" झाले होते खरी, नाशिकला, होमिओपॅथीची. इथे आल्यावर परवाना, परीक्षा आणि दोन बाळंतपणं यांच्या गडबडीत दवाखाना राहून गेला तो गेलाच. आता पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. अमेरिकेत पुष्कळ तुरुंगांतली औषधपाण्याची व्यवस्था खाजगी कंपन्यांकडे असते. एखाद्या कैद्याची आबाळ झाली की खटला उभा राहतो, वकिलाकडे हजारो पानं येतात, आणि ती वाचून कोणत्या तारखेला काय घडलं याची सरळ यादी आम्ही करून देतो. मुलींची स्कूलबस गेली की फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर, चहा आणि मी. मला हे काम मनापासून आवडतं. सासऱ्यांना वाटतं मी स्वतःचं समाधान करून घेते, तर घेते.

असाच एक माणूस माझ्याकडे एका हिवाळ्यात आला, म्हणजे त्याची फाइल आली. तपशील थोडे बदलून सांगते. पन्नाशीचा, मधुमेही, खटल्याची वाट पाहत तुरुंगात बसलेला. तिथे पायाची जखम चिघळली आणि डावं पाऊल कापावं लागलं. दोन वकिलांनी त्याला आधीच नाही म्हटलं होतं, तिसऱ्याचं अजून ठरत नव्हतं. कारण औषध पुरवणाऱ्या कंपनीचं म्हणणं एका ओळीचं होतं: आम्ही रोज इन्शुलिन नेत होतो, तोच घेत नव्हता. नर्सच्या कागदांवरही सकाळमागून सकाळ एकच शब्द होता, "नाकारलं." माझी यादी वाचून हा वकील ठरवणार होता, केस घ्यायची की कागद परत पाठवायचे. परत गेले असते तर त्या माणसाला दुसरं दार उरलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला होता. औषध दारापर्यंत येतं, हा बाबा नको म्हणतो, आणि पाय गेल्यावर कोर्टात जातो. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनातल्या मनात म्हणूनही घेतलं. तीन दिवसांत यादी जवळजवळ संपवली.

सासरे तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. तेही इन्शुलिनवाले, आणि त्यांचा एक खाक्या होता: ताट समोर आल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही. पोळी तव्यावर आहे, दोन मिनिटांत वाढते, असलं काही चालायचं नाही. त्याला कारण होतं. भाचीच्या लग्नात "पानं मांडलीत" एवढ्या भरवशावर त्यांनी इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात वरपक्षाकडचे कुणी काका मानपानावरून रुसले आणि पंगत दीड तास अडली. काकांची समजूत पटेपर्यंत सासरे साखर उतरून, घामाघूम होऊन मांडवात आडवे झाले होते. तेव्हापासून त्यांचा विश्वास फक्त वाढलेल्या पानावर.

त्या दिवशी सकाळी धाकटीची बस चुकली. तिला शाळेत सोडून येईपर्यंत नाश्त्याला उशीर झाला. मी घाईघाईने सुई घेऊन गेले, तर सासरे म्हणाले, "आधी पोहे आण." मी वैतागले. डॉक्टरांना दाखवायचा एक तक्ता आम्ही फ्रिजवर लावला होता, त्यात मी फणकाऱ्याने लिहिलं, "घेतलं नाही." ते उठले, चष्मा लावला, वाचलं.

"मी नको कधी म्हटलं?"

"घेतलं नाहीत ना पण, बाबा?"

"पोहे आण म्हटलं. ते लिही. नाहीतर डॉक्टर मलाच हट्टी समजायचे."

हट्टी तर होतेच, असं पुटपुटत मी स्वयंपाकघरात गेले, आणि मोहरी तडतडत असतानाच मनात आलं, त्या माणसाचा नाश्ता किती वाजता यायचा?

मी ते पाहिलंच नव्हतं. जेवणाचे ट्रे वाटल्याची नोंद पहारेकऱ्यांच्या वहीत असते. ती वही तुरुंगाची, औषधाचे कागद कंपनीचे. पहारेकऱ्यांच्या वह्या वैद्यकीय नाहीत, सोडून द्या, अशी आम्हाला सूचना असते, आणि मी मुकाट्याने सोडून दिल्या होत्या. सासऱ्यांना पोहे दिले, मग सुई दिली, आणि ती फाइल उघडली. नर्सची इन्शुलिनची ढकलगाडी यायची पहाटे पावणेचारला. ट्रे यायचा सव्वासहाला, कधी सातलाही. पहिले पाच दिवस त्याने निमूट इन्शुलिन घेतलं होतं. सहाव्या दिवशीही घेतलं, आणि पहाटे पाचला तो कोठडीत जमिनीवर सापडला, घामाने भिजलेला, धड बोलता न येणारा. त्याला फळांचा रस पाजून उठवलं होतं. पहिलं "नाकारलं" त्याच्या दुसऱ्या सकाळचं होतं.

मला माझी लाज वाटली. तीन दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावत होते.

आमचा नियम असा की स्वतःचं मत घालायचं नाही, लिहिलेलं तेवढंच लिहायचं. तो मी मोडला नाही. यादीत फक्त एक रकाना वाढवला. एका बाजूला सुईची वेळ, दुसऱ्या बाजूला ट्रेची, आणि सगळ्या तारखा भरून काढल्या. दुपारी पुण्याहून सुपरवायझरचा फोन आला. माझ्याहून खूप लहान आहे, पण भलती काटेकोर.

"मॅडम, हा ट्रेचा कॉलम कशाला? क्लायंटने मागितलेला नाहीये. आणि आपण इंटरप्रिट करत नाही ना."

"कुठे केलंय? त्यांच्याच दोन वह्या आहेत. शेजारी शेजारी ठेवल्यात, एवढंच."

"पान नंबर दिलेत सगळे?"

"दिलेत."

"मग राहू दे."

वकिलाने केस घेतली. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते महिनाभर असे वावरत होते, जणू खटला त्यांनीच लढवला. उन्हाळा लागला तसे, "खलास, आता नाशिक," म्हणत परत गेले.

पुढे बऱ्याच काळाने तडजोड झाली. अशा तडजोडी गुप्त असतात, आम्हाला काही कळत नाही आणि मी विचारतही नाही. फाइल बंद करताना जोडायला म्हणून एकच पान आलं, त्या तुरुंगाचा बदललेला नियम: मधुमेही कैद्याला सकाळचं इन्शुलिन द्यायचं ते नाश्त्याचा ट्रे त्याच्या हातात पडल्यावरच. सोबत वकिलाच्या दोन ओळी होत्या. बाकी सगळं ठरलं होतं, पण हा नियम झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून आमचा अशील चार महिने अडून बसला होता. मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. तो स्वतः तर केव्हाच सुटून घरी गेला होता. त्या तुरुंगातला ट्रे त्याच्यापुढे परत कधी येणार नव्हता. मी टेबलाशीच थोडी रडले, आणि मला फार बरं वाटलं.