सहा मशीनींवरचं एक नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला वाटतं की माझं तिच्यापासून काही लपत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मधे बोलणार नाही. मला मधे बोललेलं चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारंज्यात हायवेला लागून माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. फॉर्म भरणं, टायपिंग, प्रिंट, स्कॅन. सहा मशीन आहेत. नागपूरचं एक ऑफिस बंद होत होतं, तिथून उचलल्या. त्या माणसाने मला तीनदा चहा पाजला, मी तीनदा प्यालो आणि भाव सोडला नाही. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, घेऊन जा, पण आता उठा. दहावीनंतर मला कुणी शिकवलं नाही. त्या सहा मशीनींवर विंडोज काढून लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली ती मी, स्वतः वाचून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. तालुक्यात दुसरं कुणी असेल तर दाखवा.

लिनक्सची एक पक्की आवृत्ती असते. शांत, दोन-दोन वर्षं तशीच. आणि एक चाचणीतली, तिला टेस्टिंग म्हणतात. नवं सामान तिथे आधी येतं, न निवडलेल्या डाळीसारखं. कधी खडा लागतो. माझा स्कॅनर पक्क्या आवृत्तीत चालेना, टेस्टिंगमध्ये चालला, म्हणून मी टेस्टिंग टाकली — असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगू? मला ती आवडते. काहीतरी बिघडतं, मी ते पकडतो. हा माझा नाद आहे.

एका अपडेटनंतर माऊसचा बाण दिसेनासा झाला, तेव्हा चार दिवस सगळं काम कीबोर्डवर चालवलं. एकदा प्रत्येक पान आडवं छापून येऊ लागलं. मी कागद आडवा लावला. गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. अपडेट करण्याआधी कळलेल्या दोषांची यादी समोर येते, ती बहुतेक लोक वाचत नाहीत. मी वाचायचो. जे पॅकेज, म्हणजे अपडेटमधला जो सुटा तुकडा, घाण करेल असं वाटायचं, त्याला जागीच रोखून ठेवायचो. मशीन उठलीच नाही तर काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत काम करून तिला उठवायचो. सेंटर एक दिवसही बंद राहिलं नाही.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण मी मुद्द्याभोवती फिरतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

भिंतीवर एक कागद होता. त्यावर लिहिलेलं — आधी एक नंबरवर. मग आठ दिवस थांबा. मग बाकीच्यांवर. म्हणजे नवं अपडेट आधी कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर करायचं, आठ दिवस तिच्यावर काम करून बघायचं, आणि ती तगली तरच बाकी पाच मशीनींना हात लावायचा. येणारे-जाणारे त्या नियमाचं कौतुक करायचे आणि मी मान हलवायचो. नियम माझा नव्हता. रजनीताईचा होता.

रजनीताई माझ्याच वयाची. तळेगावहून बसने यायची, टायपिंग बघायची. लिनक्स तिला मी शिकवलं, हे खरं. पण मी एखादी आज्ञा टाइप करून वाट न बघता दुसरी टाकतो, आणि ती पडद्यावरची ओळ न् ओळ वाचायची. मी भडकलो की ती खुर्ची थोडी मागे घ्यायची आणि म्हणायची, "झालं का भाऊ? आता वाचू का काय लिवलं हाय ते?" चार वर्षं तिने माझा राग असाच झेलला.

आता यात एक परदेशी माणूस येतो. टेस्टिंग बनवणारे लोक जगभर पसरलेले आहेत, फुकट काम करतात, चांगले आहेत. त्यांच्यातल्या एकाला मी एक बिघाड कळवला होता, व्यवस्थित, मुद्द्यांनिशी. त्याचं उत्तर आलं दोन ओळींचं. नमस्कार नाही, आभार नाहीत. टेस्टिंग दुकानासाठी नसते. दुकान चालवायचं असेल तर पक्की आवृत्ती वापरा. बस. मी दुकानदार? मी त्याच्या मालातले खडे निवडून देतो आणि तो मला दुकानदार म्हणतो? आज इतकी वर्षं झाली तरी ते उत्तर आठवलं की माझे कान तापतात. तापलेलेच राहू देत. तो चूक होता असं मी आजही म्हणतो.

त्या दिवशी सकाळी ते उत्तर वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ठरवलं, टेस्टिंग दुकानात कशी चालते ते दाखवतोच. नव्या अपडेटची यादी समोर आली, त्यात लाल अक्षरांत इशारा होता — जुन्या ग्राफिक्स कार्डांवर पडदा काळा राहू शकतो. मी तो वाचला. हे नीट ऐका, मी तो वाचला होता. माझ्या सहाही मशीनींत जुनी कार्डं आहेत. तरी एकाच आज्ञेत सहाही मशीनींवर अपडेट सोडलं. आठ दिवस नाहीत, एक नंबर नाही, काही नाही. नऊ चाळीसला. रजनीताई तेव्हा बसस्टँडवर गेली होती, शाळेचा गठ्ठा आणायला.

तो गठ्ठा म्हणजे तळेगावच्या एका शाळेतल्या पोरांचे परीक्षेचे फॉर्म. भरायची शेवटची तारीख तीच. ती गठ्ठा घेऊन आली तेव्हा सहा पडदे काळे होते. तिने एकेक पडदा बघितला. कागद टेबलावर ठेवले, पोरांच्या नावांची यादी करायला घेतली.

मी बसलो. दोनशेच्या वर पॅकेजेस बदलली होती, त्यातलं गुन्हेगार कोण? अर्धी मागे घ्यायची, बघायचं, पुन्हा अर्धी. चहा नाही, जेवण नाही. दोनच्या सुमारास सापडलं, एक छोटंसं ग्राफिक्सचं पॅकेज. त्याची जुनी प्रत मशीनच्याच पोटात होती, ती परत बसवली, एक नंबर उठली. मग एकेक करत सहाही. हे काम मी आजही छाती काढून सांगतो. फॉर्म संध्याकाळच्या आत गेले. एकाही पोराचा राहिला नाही.

पण दोन वाजता, ते सगळं तपासताना, मी लॉग उघडला होता.

मशीन स्वतःची डायरी ठेवते. किती वाजता, काय बदललं, कोणी सांगितलं. नऊ चाळीस. सगळं अपडेट. आणि शेवटच्या ओळीत माझं नाव. मी त्या नावाकडे बघत बसलो. मनात काय होतं? तो परदेशी माणूस होता. बिघाड कळवताना आता त्याच्यापुढे हा लॉग ठेवायचा? म्हणजे तो बरोबर ठरणार? मी माझं नाव खोडलं. तिथे रजनीताईचं नाव टाकलं. मग उठलो, दुसऱ्या मशीनीवर गेलो, तिथेही. मग तिसरी. रागात माणूस एकदा खोटं बोलतो, ते मी समजू शकतो. मी सहा खुर्च्यांवर बसून सहा वेळा केलं.

एवढंच असतं तर कदाचित मी आज लिहिलं नसतं.

चारच्या सुमारास शाळेचे हेडसर आले. घाबरलेले होते. फॉर्म जाताहेत हे बघून शांत झाले, मग विचारलं, झालं काय होतं. मी म्हणालो, बाईंनी घाई केली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, शाळेच्या कॉम्प्युटर रूमसाठी आम्ही यांचाच विचार करत होतो, पुढच्या महिन्यात नेमणूक आहे. तुम्ही रागात तर बोलत नाही ना?

मला ती नेमणूक माहीत होती. तिने महिन्याआधीच सांगितलं होतं. शाळा तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला ती जायला नको होती — तिच्यासारखं ओळ न् ओळ वाचणारं माणूस मला दुसरं कुठून मिळणार होतं? तिला थांब म्हणायची, तिच्याशी सरळ सौदा करायची माझी हिंमत झाली नव्हती. सगळ्या जिल्ह्याशी घासाघीस करणारा मी, तिच्यापुढे तोंड उघडलं नाही.

मी हेडसरांना एक नंबरवर नेलं आणि लॉग उघडून दाखवला. म्हणालो, मशीन खोटं लिहीत नाही सर.

रजनीताई मागेच उभी होती. तिने पडद्यावरचं वाचलं, सावकाश, नेहमीसारखं. सर गेल्यावर एवढंच म्हणाली, "तो नियम मीच लिवला होता ना भाऊ?" आणि उरलेले फॉर्म भरायला बसली. नेमणूक दुसऱ्या कुणाची झाली. ती माझ्याकडे आणखी वर्षभर राहिली. भिंतीवरचा कागद मात्र तिने दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

बिघाड मी कळवला. असा कळवला की तसा त्यांना कुणी कळवला नसेल. नेमकं पॅकेज, नेमकी कार्डं. सौदाही केला, तुम्ही दुरुस्ती द्या, मी सहा जुन्या मशीनींवर तपासून देतो. आठवड्याच्या आत दुरुस्ती आली. त्याच माणसाने केली, दोन ओळीवाल्याने. बदलांच्या यादीत त्याने लिहिलं, अचूक माहितीबद्दल आभार, आणि पुढे माझं नाव. कारंजा घाडग्याच्या माणसाचं नाव. ते पान छापून, फ्रेम करून मी भिंतीवर लावलं. तो नियमाचा कागद जिथे होता, तिथेच.

पण त्या तक्रारीला लॉग जोडावा लागतो. मी जोडला. सोबत लिहिलं की आमच्या ऑपरेटरने चुकून सगळीकडे अपडेट केलं. ते पान जगात कुणालाही वाचता येतं.

मागच्या महिन्यात रजनीताई आली होती. आता वर्ध्याला असते, एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर. मुलीच्या कागदांची प्रिंट हवी होती. फ्रेमसमोर उभी राहिली, वाचलं. म्हणाली, "चांगलं दिसते भाऊ." मग पर्स बंद करत, मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "त्याच्या खालचंबी वाचलं होतं मी. तवाच."

तवाच. म्हणजे तक्रारीचं ते पान, तिच्या नावाच्या लॉगसकट, तिने तेव्हाच वाचलं होतं, आणि मग ते वर्षभर. रोज सकाळी येऊन माझ्या समोर बसायची, ते सगळं ठाऊक असताना. मला बोलता येतं, भांडता येतं, कुणालाही गप्प बसवता येतं. त्या दिवशी मी प्रिंटचे पैसे नको म्हणालो, तर तिने ते टेबलावर ठेवले आणि गेली.

फ्रेम मी काढलेली नाही. काढणारही नाही. तो बिघाड मी पकडला, ते काम माझं आहे.

हेही माझंच आहे. ती ओळ मी आज पुन्हा लिहितो, जशी मशीनीने लिहिली होती. वेळ, नऊ चाळीस. काय केलं, सहाही मशीनींवर सगळं अपडेट. कोणी सांगितलं, मी.